सात चाळण्यांचा सायलेन्सर

निजामाच्या मुलखात, फसली सन तेराशे चाळीसच्या आश्विनात शिरूर कासारच्या तांबट गल्लीत मोटार शिरली, तेव्हा तिच्या फटफटाटाने अख्खी गल्ली घराबाहेर आली. एकटा गहिनीनाथ तेवढा खाली मान घालून हातोडीने हंडा मठारत बसला होता. मोटार त्याच्याच अंगणात येऊन थांबली आणि तिचा धूर नाकात गेला, तेव्हा त्याने वर पाहिलं. अकरा वर्षांपूर्वी त्याचे दोन्ही कान गेले होते. दिवसभर तांब्यावर हातोडा चालवायचा म्हटल्यावर दुसरं काय होणार? त्याचा बाप बहिरा, आजा बहिरा. घरात कुणी बहिरेपणाचं कौतुक करत नव्हतं की दुःख.

गहिनीनाथही करत नव्हता. पण गेल्या महिन्यात त्याची लेक शिवकन्या माहेरी बाळंत झाली. पहिला नातू. पोर रडायला लागलं की घरातल्या बाया हसायच्या, काय नरडं आहे म्हणायच्या, आणि हा पाळण्यापाशी उभा राहून त्या उघड्या लालबुंद तोंडाकडे बघत राहायचा. एकदा, फक्त एकदा ते रडणं ऐकायला मिळावं असं त्याला इतकं वाटायचं की घास गिळवत नसे. बायकोला, जानकीबाईला, त्याने ते बोलूनही दाखवलं होतं.

"त्यात काय ऐकायचं?" ती म्हणाली होती. "समदी पोरं सारखीच रडत्यात." घरच्यांचं बोलणं त्याला ओठांवरून लख्ख कळायचं.

मोटार नांदूरघाटच्या अर्जुनराव देशमुखांची. पंधरा वर्षांची जुनी, हैदराबादेत कुणीतरी मनसोक्त वापरून मग विकलेली. तिचा सायलेन्सर गंजून फुटला होता. त्या फटफटाटाने भर बाजारात बैल बुजले आणि तहसीलदारसाहेबांचा टांगा कलंडता कलंडता राहिला. साहेबांनी हुकूम सोडला, की आवाज बंद होईपर्यंत मोटार इलाख्यात दिसता कामा नये. नवा सायलेन्सर मुंबईहून यायला तीन महिने लागणार होते. शिवकन्येचं सासर नांदूरघाटचंच. तिच्या नवऱ्याने देशमुखांना सांगितलं, की आमचे सासरे तांब्याचं म्हणाल ते घडवतात.

देशमुखांचा ड्रायव्हर बंकट मोटारीखालून सायलेन्सरचा डबा सोडवून बाहेर आला. बहिऱ्याशी बोलताना सगळे करतात तसं तोंड भलतंच मोठं करून तो बोलला, "मामा, अस्साच पायजे. पर आवाज बाहीर आला न्हाई पायजे. माझी नोकरी हाय ह्याच्यावर."

गहिनीनाथने छिन्नीने डबा उकलला. आत काजळी, आणि भोकं पाडलेल्या तीन चकत्या एकीमागे एक. त्याला यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण हे कळलं. एका चाळणीतून दुसरीत जाता जाता आवाज दमत असणार. त्याने जाड तांब्याचा पत्रा काढला आणि भट्टी पेटवली. सांध्यांना कथलाचा डाक मोटारीच्या गरमीने वितळला असता, म्हणून पितळेचा डाक दिला.

काम पारखायची त्याची एक रीत होती. ऐकणारा तांबट भांड्याला टिचकी मारून कान देतो. गहिनीनाथ लोखंडी सळईचं एक टोक दातांत धरायचा, दुसरं भांड्यावर टेकवायचा आणि हातोडी मारायचा. थरथर दातांतून कवटीत चढायची. भांडं कुठे चिरलंय, कुठे पातळ झालंय, ते तिच्यावरून नेमकं कळायचं.

तीन चाळण्या बसवून त्याने सळई लावली. थरथर आली. म्हणजे आवाज शिल्लक होता. त्याने चौथी बसवली, मग पाचवी. बंकट लिंबाखाली बसून कंटाळला, पुरे पुरे म्हणून हात करू लागला. गहिनीनाथ हट्टाला पेटला होता. एकीची भोकं दुसरीच्या भोकांसमोर येणार नाहीत अशा बेताने त्याने सातवी बसवली, तेव्हा कुठे दातांत काहीही आलं नाही. ऐकत्या माणसाला गप्प वाटलं असतं तिथे त्याने थांबायला हवं होतं. तो बहिऱ्याला गप्प वाटेपर्यंत थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बंकटने डबा मोटारीखाली आवळून बसवला आणि पुढे येऊन हँडल मारलं. "चल बे," तो मोटारीला म्हणाला. मग कपाळाला आठ्या घालून पुन्हा हँडल मारू लागला. गहिनीनाथने त्याच्या दंडाला धरून पंखा दाखवला. पंखा फिरत होता. बंकटने इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला आणि थरथर लागताच चटकन काढून घेतला. मोटार चालू होती.

बंकट तोंड वासून हसला. हसता हसता मध्येच थांबला. त्याने गळ्याला हात लावला, मग कानात करंगळी घालून हलवली.

गल्लीतला कुत्रा मोटारीवर भुंकत होता. त्याच्या जबड्यापुढे वीतभर अंतरावर कोंबडी दाणे टिपत होती, ती जागची हलली नाही. जानकीबाई दारात आली. तिच्या हातून पितळी परात निसटून फरशीवर पडली आणि गोल गोल फिरत आडवी झाली. जानकीबाई तिच्याकडे बघतच राहिली.

गहिनीनाथला यातलं काही खटकलं नाही. त्याचं जग अकरा वर्षं असंच होतं. चालत्या मोटारीतही थरथर येत नाही ना, एवढंच त्याला बघायचं होतं. तो वाकला, सळई दातांत धरली आणि दुसरं टोक डब्यावर टेकवलं.

रडणं आलं.

त्याने सळई सोडली. काही नाही. पुन्हा धरली. तान्ह्या पोराचं रडणं, स्वच्छ, मध्ये श्वासापुरतं थांबणारं. ओसरीवरच्या पाळण्यात नातवाचं तोंड उघडं होतं. रडणं थांबे तेव्हा त्याची छाती भरे. गहिनीनाथच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. जानकी खोटं बोलली होती. सगळी पोरं सारखी रडत नाहीत.

मग त्याला शिवकन्या दिसली. पाळण्यापासून दोन हातांवर ती पाठमोरी बसून सुपात ज्वारी पाखडत होती. मागे वळून बघत नव्हती.

त्याला कळलं. त्याच क्षणी सगळं कळलं. डबा नुसता मोटारीचा नाही, सगळ्यांचाच आवाज गिळत होता.

तरी त्याने सळई दातांतच ठेवली. अजून थोडं, असं तो मनाशी म्हणाला. एवढी एक गोष्ट पुढे त्याने फक्त जानकीबाईला सांगितली, आणि सांगताना त्याला तोंड वर करवलं नाही.

जानकीबाई बंकटला काहीतरी विचारत होती. बंकट तिच्या ओठांकडे बघत मान हलवत होता. दोघांच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं.

पोर निळं पडू लागलं.

गहिनीनाथने छिन्नी उचलली, डब्याच्या जोडावर ठेवली आणि हातोडा घातला. एक. दोन. तिसऱ्या घावाला जोड उकलला.

बंकट कानांवर हात दाबून मागे पडला. कुत्रा शेपूट घालून पळाला. शिवकन्येच्या हातून सूप उडालं. ती धावत पाळण्याकडे गेली, पोर उचललं, छातीशी धरलं, मग दूर धरून बघितलं. पोर रडत होतं. तोंड उघडं होतं, गालांवर पाणी होतं.

"आबा," तिचे ओठ म्हणाले, "ह्याला आवाजच न्हाई."

सळई खाली धुळीत पडली होती. दातांत काही नव्हतं. गहिनीनाथला रडणं ऐकू येत होतं.

संध्याकाळच्या आत बंकट तशीच उघडी, गरजणारी मोटार घेऊन निघून गेला. पोराचा गळा वैद्याने पाहिला, हकिमाने पाहिला. कपिलधारच्या देवस्थानी नेऊन धबधब्याच्या धारेखाली धरलं. पोराला दुसरं काही झालेलं नव्हतं. ते प्यायचं, बाळसं धरायचं, बिनआवाजाचं हसायचं. रडलं की भट्टीपाशी बसलेला बहिरा म्हातारा हातातलं काम टाकून घराकडे ओरडायचा, "शिवकन्ये, पोर रडतंय." ती धावत जायची. तो कधी चुकला नाही.

चार महिन्यांनी ती सासरी गेली. वीस कोसांवर गेल्यावर तरी थांबेल असं गहिनीनाथला वाटलं होतं. थांबलं नाही. दिवसातून चार-पाच वेळा पोर रडायचं, मग कुणीतरी उचलायचं आणि ते गप्प व्हायचं. "उचललं," असं तो जानकीबाईला सांगायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. हळूहळू दोघांना त्याची सवय झाली.

फाल्गुनात ज्वारीची काढणी सुरू होती. त्या दिवशी जेवताना त्याचा हात ताटातच थांबला.

"रडतंय का?" जानकीबाईने विचारलं.

"सकाळधरनं."

"शेतावर असंल समदी. येतील की."

त्याने हात धुतला आणि उंबऱ्यावर जाऊन बसला. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं, भिंतीवरून गेलं. जानकीबाई दिवा लावून त्याच्या समोर येऊन बसली, ओठ नीट दिसतील अशी.

"आता?"

"आता बारीक झालंय," तो म्हणाला. "पर कुणी उचललं न्हाई."