गरुडसिंहाला हुडहुडी

"खिसे उलटे करा!" मामा गरजला.

ठिणगीच्या खिशातून चॉकलेटचा कागद पडला. तिचा धाकटा भाऊ बोका, त्याच्या खिशाला तर नुसतं भोकच होतं!

मामाचं नाण्यांचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं. चांदीच्या नाण्यांचा एक संच त्याने जिवापाड जपला होता. प्रत्येक नाण्यावर एकेक अजब प्राणी! ड्रॅगन, एकशिंगी घोडा, आणि गरुडाचं तोंड नि सिंहाचं धड असलेला गरुडसिंह. आज गरुडसिंहाची डबी रिकामी होती.

"सकाळी दुकानात तुम्हीच लुडबुडत होतात. संध्याकाळपर्यंत नाणं सापडलं नाही, तर उद्याच्या गाडीने घरी!"

"पण मामा, आम्ही हातसुद्धा..."

"एक शब्द नको!"

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर या सुट्टीची वाट पाहिली, आणि पदरात काय? चोरीचा आळ! तिने कपाटाखाली शोधलं, पायपुसणं झटकलं. मिळाल्या त्या फक्त शिंका. रडूच यायला लागलं तिला.

"मी सरबत करतो," बोका म्हणाला.

"तुला प्यायचंच सुचतं रे!"

थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून हाक आली, "ताई, या वाटीतला बर्फ निघतच नाहीये!"

वाटीत? मामी तर बर्फ साच्यात लावायची. ठिणगी थबकली. खऱ्या चांदीवर बर्फ भराभर वितळतो, हे मामा प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला करून दाखवायचा!

"मामी, सकाळी मामाने बर्फ नेला होता?"

"हो गं. मग फोनवर बोलत बोलत स्वतःच वाटी फ्रीझरमध्ये ठेवून गेले. मला वाटलं, चला, कधी नव्हे ते आवराआवर करतायत!"

ठिणगी वाटी घेऊन दुकानात धावली. मामा पुन्हा फोनवरच!

"आत्ता नको," त्याने हात झटकला.

आता मात्र हद्द झाली! तिने वाटी टेबलावर दाणकन उपडी केली. बर्फाची चकती निसटली, आणि तिच्यातून गरुडसिंह मामाकडे टकामका बघायला लागला.

मामाच्या हातातून फोन गळून पडला.

"शाब्बास गं माझ्या वाघिणी! काखेत कळसा नि गावाला वळसा," मामी दारातून म्हणाली. "आणि बोक्या, तूसुद्धा!"

"चुकलो," मामा पुटपुटला. "तुमच्यावर उगाच आळ घेतला. पोरांनो, डोकं आहे तुम्हाला!"

ठिणगीचा राग अजून उतरला नव्हता. "मग उद्याच्या गाडीने कोण जाणार?"

"ज्याने नाणं हरवलं तो!" मामी म्हणाली.