थेंब धरला नाही

नार्नूरच्या शिवारात कपाशीवर औषध मारायचं म्हटलं, की खुशाल पंप पाठीवर घ्यायच्या आधी त्याची बायको शीतल थेंबाची पारख करायची. बांधावरच्या धोप्याच्या, म्हणजे अळूच्या पानावर एक थेंब सोडायचा. गोल होऊन घरंगळला तर स्टिकरचं चिकट पाणी आणखी घालायचं. पसरून बसला तर जमलं.

"काल सारं घरंगळून गेलं," खुशाल म्हणाला. "आज पानाले धरू दे."

म्हणून तिनं एकाऐवजी दोन टोपणं ओतली. थेंब पानावर पडताच पसरला, दिसेनासा झाला. तिचा तान्हा हर्षदीप मागे कडुनिंबाला बांधलेल्या झोळीत निजला होता. वारा त्याच्याकडून शेताकडे होता. तेवढं ती रोज पदर धरून बघायचीच.

पंप सुरू झाला. स्टिकर जास्त झालं की फवारा बारीक फुटतो, हे तिला ठाऊक होतं. पण आज थेंब खाली बसेचनात. कपाशीवर पांढुरकं धुकं तरंगत राहिलं आणि मग वाऱ्याच्या उलट, सावकाश, कडुनिंबाकडे निघालं.

शीतल धावली असेल. तिला नंतर ते आठवलं नाही. आठवली ती सासू चंद्रभागा, तण निंदता निंदता विळा धरून थिजलेली.

"शीतल, झोळीपाशी कोन बसलं व?"

"कोनीच नाही, मामी."

"मंग पाजून कोन राह्यलं?"

धुकं झोळीभोवती थांबलं होतं. आत शिरत नव्हतं. कशावर तरी बसत होतं. वाकलेली पाठ. खांदा. पुढे ओढलेला पदर.

वाऱ्याची झुळूक आली. तिथं काही नव्हतं.

पोर कोरडं होतं. दुपट्यालाही औषधाचा वास नाही. खुशालनं लांबूनच, औषधाचे हात मागे धरून, त्याच्याकडे बघितलं. "वाचलं," एवढंच म्हणाला.

घरी तिनं लेकराला पायांवर घेऊन आंघोळ घातली. पाणी अंगावर पडलं, गोल झालं, घरंगळलं. अंग कोरडंच. साबण लावला, तर फेसही घसरला. हर्षदीप हसत होता.

तिनं काही विचार केला नाही. हळूच त्याला पदराखाली घेतलं. सकाळपासून तो प्यायला नव्हता. तिची छाती ठणकत होती.

दुधाचा थेंब त्याच्या ओठावर पडला. क्षणभर गोल उभा राहिला.

मग घरंगळून गेला.

तिनं त्याच्या पोटावर हात ठेवला. ते टम्म भरलेलं होतं.