दौंडच्या शिवेवर उतरवलेली बाज

एकोणीसशे एकोणसाठच्या उन्हाळ्यात मी शिरूरला गेलो, तो सरकारी ॲम्ब्युलन्सवर चार ओळी लिहायला. गाडी नवी आली तेव्हाचे हारतुरे मीच आमच्या साप्ताहिकात छापले होते. पुढं साहेबलोक तिच्यातून शिकारीला जाऊ लागले, तेही छापलं. साहेब माझ्यावर चिडले. गाडी शिकारीला जातच राहिली.

दवाखान्यात बसलो होतो, तेवढ्यात म्हस्कू नावाचा शेतकरी बायकोला बाजेवर घेऊन आला. झुंबरबाई. मूल आडवं आलेलं. डॉक्टर म्हणाले, "दौंडला न्या. तिथं ऑपरेशन होईल. उशीर झाला तर दोघंही जातील."

गाडीतलं स्ट्रेचर साहेबांच्या ओसरीवर होतं, दुपारच्या झोपेसाठी! बाईला बाजेसकट गाडीत घातलं. मीही चढलो. हे डोळ्यांनी बघायचंच होतं.

भीमेच्या काठाला गाडी दोन आचके देऊन बंद पडली. ड्रायव्हर सिद्दीकनं टाकीत काडी घालून पाहिली. कोरडी.

"काल शिकारीत जाळलं समदं," तो म्हणाला. "लिवा आता हेबी."

सूर्य बुडाला होता. वारा पडला. कुठूनसा ओल्या घोंगडीचा वास आला. मागचं दार उघडलं, तर दाराशी चौघं उभे. डोक्यावरून घोंगड्या घेतलेले. येताना कुणी पाहिले नाहीत.

सिद्दीकनं टोपी काढली. "खांदेकरी हायेत... नाव इचारू नका."

"कुठले?"

"पूर्वी आजारी माणूस असंच न्यायचे. ह्या गावानं आपल्या शिवेपातुर, फुडं दुसऱ्या गावानं. मानमोडीच्या साथीत न्हेणारंच वाटंत मेले... आमचा आबा सांगायचा."

म्हस्कू एवढंच बोलला, "कुणी का आसंनात. न्हेऊ द्या."

चौघांनी बाज खांद्यावर घेतली. आम्ही मागून निघालो. नदीत गुडघाभर पाणी होतं. आमच्या तिघांच्या पायांखाली ते वाजत होतं. त्यांच्या पायांखाली वाजलं नाही. पलीकडे शिवेच्या दगडाशी त्यांनी बाज अशी टेकवली की झुंबरबाई कण्हलीसुद्धा नाही. तिथं दुसरे चौघं थांबलेलेच होते. मंत्र्यासंत्र्यांपुढं मी कधी मान वाकवली नाही. तिथं आपोआप वाकली.

अशा आणखी काही शिवा मागं पडल्या, दर शिवेवर नवे चौघं. मग दौंडची शीव आली. स्टेशनचे दिवे दिसत होते, इंजिनाची शिट्टी ऐकू येत होती. बाज खाली आली. पुढं घ्यायला मात्र कुणी नव्हतं.

म्हस्कूनं हात जोडले. "मामा, दवाखाना त्यो काय समोर... येवढं पोचवा."

चौघं हलले नाहीत.

"शिवेपल्याड त्यांचा पाय पडत न्हाई," सिद्दीक पुटपुटला. "आन् दौंडवाले... रेल्वे आली, तवाच त्यांनी ह्ये काम सोडलं."

"आवं... उचला की..." झुंबरबाईचा आवाज आता बारीक झाला होता.

मला संताप आला. एवढं मोठं जंक्शन, आणि एका बाईला चार खांदे नाहीत! मी धोतर खोचलं. पुढं सिद्दीक आणि म्हस्कू, मागं डावीकडे मी. चौथा कोपरा कलंडणार, बाई घसरणार, हे दिसत असूनही आम्ही जोर केला.

चौथा कोपरा आमच्याआधी उचलला गेला.

मी मागं पाहिलं. शिवेवर तिघंच उभे होते.

पुन्हा मान वळवायचा धीर झाला नाही. शेजारी कुणीतरी चालत होतं. धाप लागलेली. आधी पाऊल चुकत होतं, मग माझ्या पावलाशी जुळलं.

दवाखान्याच्या पायरीवर बाज ठेवली. नर्स अनसाबाई धावत आली, झुंबरबाईला आत नेलं. आम्ही भिंतीला टेकून बसलो. कितीतरी वेळानं आतून बाळाचं रडणं आलं. दार उघडून अनसाबाई म्हणाली, "पोरगी हाय. दोघीबी धड हायेत." म्हस्कू हमसून हमसून रडू लागला. सिद्दीकनं डोळे मिटून दुआ मागितली.

माझा श्वास केव्हाच संथ झाला होता. उजव्या कानाशी मात्र ती धाप अजून चालूच होती.