तो आवाज माझा नाही

सोमवारी आठ-वीसच्या ओरत्तनाडू बसमध्ये एक माणूस चढला आणि बायकांच्या सीटांपाशी येऊन एकेकीला विचारू लागला, "हा आवाज तुमचा का?"

तंजावूरहून रोज याच बसने मी ओरत्तनाडूच्या ऑफिसला जाते. असले नमुने खूप पाहिलेत! मी आपली खिडकीबाहेर बघत राहिले. पण माझी पाळी आलीच. इयरफोन कानाशी नेला. आत मीच गुणगुणत होते... अप्पा लहानपणी म्हणायचे ते आमच्या घरातलं मराठी गाणं. मागे बसचा खडखडाट, कंडक्टरची शिट्टी.

"माझा नाही," मी तमिळमध्ये सांगून टाकलं.

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "सरी," म्हणजे बरं, म्हणाला, आणि वळताना मराठीत पुटपुटला, "पाचच दिवस राहिले."

झालं! आमच्यातलाच, तंजावूरचा मराठी निघाला. दिवसभर ऑफिसात माझं कशात म्हणून लक्ष लागेना.

मंगळवारी तो होता. बुधवारीही, तेच विचारत. शेवटी मीच विचारलं, "नक्की झालंय काय तुमचं?"

त्याचं नाव गणेशकुमार. त्यागराज नावाच्या तंजावूरच्या म्हाताऱ्या वीणा घडवणाऱ्यावर त्याने एकट्याने पिक्चर केला होता, तीन वर्षं खपून. एका ॲपवर चढवला. नवव्या दिवशी तो तिथून गायब. त्यातलं, याच बसमध्ये टिपलेलं एका बाईचं गुणगुणणं आपल्या मालकीचं आहे, असं कुठल्याशा कॅसेट कंपनीचं म्हणणं.

"घरोघरचं गाणं ते... त्यांचं कसं?"

"तेच तर. पण गाणारीने शुक्रवारपर्यंत लिहून दिलं नाही, तर पिक्चर गेला."

"तिथे कुणा माणसाशी बोला की."

"माणूस कुठंय? मशीन वाचतं, मशीनच नाही म्हणतं. दोन मिनिटांत तेच पत्र."

मला वाईट वाटलं. पण रागही होता ना! "तुम्ही तरी तिला विचारून घेतलं होतं का गाणं?"

त्याचे कान लाल झाले. "नाही. चुकलं माझं."

गुरुवारी मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. म्हणजे — सारखी पाहतच होते.

शुक्रवारी त्याने कुणालाच विचारलं नाही. शेजारच्या रांगेत नुसता बसला, दाढी वाढलेली. मला राहवेना. मी गुणगुणायला लागले.

तो हसला. "आवाज सोमवारीच ओळखला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"नाही म्हणालात ना तुम्ही. एकदा न विचारता घेतलं... पुन्हा कसं घेऊ?"

"मग रोज येऊन बाकीच्यांना काय विचारत होतात?"

"तुमच्या बसमध्ये बसायला काही कारण नको का?"

अय्यो! "लिहून द्यायचा तो फॉर्म काढा," मी म्हटलं.

फॉर्ममध्ये माझं नाव घातलं, श्रीविद्या, आणि गाणं घरचंच आहे असं लिहिलं. खाली एक रकाना होता — परवानगी कधी घेतली?

"टाका मागची एखादी तारीख. कोण बघतंय?"

"तुमच्याबद्दल खोटं लिहू? नको." त्याने आजची तारीख घातली आणि पाठवून दिलं.

दोन मिनिटांत उत्तर आलं. पिक्चर दाखवल्यानंतरची परवानगी चालत नाही. अर्ज नामंजूर.

मला रडूच आलं. चार दिवस तोंड शिवून बसले होते मी. तो मात्र माझीच समजूत घालत होता. एवढ्यात ओरत्तनाडू आलं.

"त्यागराजांनी तरी पाहिला का?" मी डोळे पुसत विचारलं.

"नाही. ॲपवर आला की दाखवतो म्हटलं होतं."

"फोनमध्ये आहे ना? चला, आत्ता दाखवू त्यांना." मी जागची हलले नाही. हीच बस परत तंजावूरला जाते.

"आणि तुमचं ऑफिस?"

"रजा टाकते."

"माझ्या पिक्चरसाठी?"

"पिक्चरसाठी... आणि तुम्ही मला आवडता म्हणून."

कंडक्टर आला तेव्हा तो घाईघाईने म्हणाला, "तंजावूर, दोन."

"बायकांना फुकट असतं," कंडक्टर म्हणाला. "आठवडाभर याच बसने फिरतोस, अजून ठाऊक नाही?"

"असू दे," गणेशकुमार म्हणाला. "दोन द्या."