अलोनच्या शेजारी

दयाकाकू देवळाली प्रवराहून एसटीने नगरला आल्या आणि थेट आरती म्हस्केच्या ऑफिसात शिरल्या. आरती खासगी गुप्तहेर. तिचा जोडीदार मच्छिंद्र गाडी झकास चालवायचा, डोकं जरा सवडीने.

काकूंचे शेजारी अब्राहाम सर, इंग्रजीचे निवृत्त मास्तर, सकाळपासून बेपत्ता होते. मोबाईल घरातच. ओसरीतल्या फळ्यावर खडूने एकच वाक्य होतं: 'आय ॲम ॲन अलोन मॅन.'

"कालवा भरून चाललाय, आरती. मला लई भ्या वाटतंय," काकू म्हणाल्या.

आरती सरांचीच विद्यार्थिनी. फळ्यावर मुद्दाम चुका पेरायच्या आणि पोरांना पकडायला लावायच्या, ही सरांची जुनी खोड तिला पाठ होती. पण ती गेल्या कित्येक वर्षांत त्यांच्याकडे फिरकली नव्हती, आणि देवळालीपर्यंत वाटभर तिला तेच डाचत राहिलं.

घरी सरांचा पुतण्या नोहा होता. त्याला घर विकायचं होतं, म्हणून मच्छिंद्रने त्यालाच गुन्हेगार ठरवून टाकलं. नोहा उखडला. काकांना पुण्याला चला म्हणून सांगून तो थकला होता, पण त्यांचा जीव शाळेत अडकलेला. आता सुट्टीतही शाळेची किल्ली त्यांच्याकडेच. शिवाय इथे 'लोनली' हवं, असलं इंग्रजी आपण लिहू काय, असं त्याने वर ऐकवलं.

भाडेकरू ओंकार साखर कारखान्यात कामाला. त्याला इंग्रजी सहीपुरतंच येत होतं. सर एकटे कुठे, घरात सतत माणसं असतात की, असं तो म्हणाला.

आरतीने फळ्यावरचं अक्षर न्याहाळलं. खुंटीवर शाळेची किल्ली नव्हती. आरामखुर्चीतली नेहमीची उशीही नाही, असं काकू म्हणाल्या.

"घाईत चुकले असतील सर," मच्छिंद्र म्हणाला.

"ह्या चुकीपायी त्यांनी अर्ध्या तालुक्याचे कान पिळलेत. चला, शाळेत."

वाटेत तिने उलगडून सांगितलं. नोहाला बरोबर शब्द माहीत, ओंकारला वाक्यच जुळवता येणार नाही, आणि अक्षर तर सरांचं. म्हणजे चूक मुद्दाम केलेली.

"आन् कालवा?" मच्छिंद्रने विचारलं.

"जीव द्यायला निघालेला माणूस बुडाखाली घ्यायला उशी नेत नाही. बाक कडक असतो म्हणून नेतो."

वर्ग उघडा होता. शेवटच्या बाकावर, उशीवर, सर बसले होते. काकू दारातच रडायला लागल्या.

"कोण दुरुस्त करतंय?" सरांनी मान वर न करता विचारलं.

आरती उभी राहिली, शाळेत राहायची तशी.

"अलोन म्हणजे नुसता एकटा, सर. तुमच्याभोवती माणसं आहेत. तुम्ही लोनली आहात, एकाकी. चुकलं आमचंच."

"अर्थ झाला. व्याकरण?"

"अलोनच्या शेजारी नाम बसत नाही. लोनलीच्या शेजारी बसतं."

सर बाकावर थोडे सरकले.

"मग बस."