गॅरेजच्या दाराचे चार आकडे

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी कुणाची शपथ घेणार नाही. पण हे ज्यांच्या बाबतीत घडलं ते माझ्या सख्ख्या बहिणीचे यजमान आहेत, आणि या माणसाला साधी थापसुद्धा धड मारता येत नाही. ताईने "मीठ जास्त झालंय का?" विचारलं तर भाऊजी "नाही" म्हणतात, पण चेहरा सगळं सांगून टाकतो.

रात्र नव्हती. अमावास्या तर मुळीच नव्हती.

ढगाळ दुपार होती. गावाबाहेरच्या नव्या वस्तीतला एक शांत रस्ता. रस्त्याच्या शेवटच्या वळणानंतरचं पहिलं घर.

भाऊजी गॅरेजची दारं बसवतात. मोटरवर वर-खाली होणारी. त्यांच्या मोटरी, साखळ्या, रिमोट आणि हल्ली कीपॅड. कीपॅड म्हणजे दाराबाहेर चौकटीवर बसवायची आकड्यांची लहानशी डबी. वायर नाही, काही नाही. आपले चार आकडे दाबले की दार उघडतं.

कामात माणूस चोख. डबी बसवून झाली की घरमालकाला बोलावतात, म्हणतात, "आता तुमचे आकडे तुम्हीच टाका," आणि पाठ फिरवून रस्त्याकडे बघत उभे राहतात. "लोकांच्या घराची किल्ली आपल्याला कशाला कळायला हवी?"

पण त्याआधी डबी चालते की नाही हे बघायला काहीतरी आकडे दाबावे लागतात. भाऊजी दर वेळी तेच दाबायचे. स्वतःच्या घराचे. त्यांच्या लेकीची, आमच्या मनीची, जन्मतारीख.

बोटांना सवय लागली होती. दोन आकडे पटकन, मग जरा थांबून उरलेले दोन.

टिक-टिक… टिक-टिक.

ताई हसून म्हणायची, "मला घड्याळ बघावं लागत नाही. बाहेर तसं वाजलं की समजायचं, आमचे हे आले."

तर त्या दुपारी भाऊजींनी आपली व्हॅन त्या घरासमोर लावली. एका बाईंनी बोलावलं होतं. पन्नाशीच्या असतील. भाऊजी त्यांना काकू म्हणाले. काकू घरात एकट्याच होत्या. एकसारख्या रस्त्याच्या वळणाकडे बघत होत्या.

"भाऊ, मला रिमोट नकोच," त्या म्हणाल्या. "जुने सगळे रिमोट बंद करून टाका. फक्त आकड्यांवर दार उघडलं पाहिजे."

"होईल की. पण रिमोट बिघडलाय का?"

"नाही. चांगला आहे."

भाऊजींनी शिडी लावली आणि छताखालच्या मोटरपाशी चढले. काकू खाली शिडी धरून उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या,

"रोज दिवेलागणीला दार आपोआप उघडतं हो."

"शेजारी कुणाकडे तसाच रिमोट असेल. होतं असं कधीकधी."

"आमच्या ह्यांच्याकडे होता एक. गाडीत असायचा. अपघात झाला त्यांना… इथेच, वळणावर. घरी पोचतच आले होते. घड्याळ मिळालं, चष्मा मिळाला. रिमोट तेवढा मिळाला नाही."

"कुणीतरी उचलला असेल, काकू. माणसं काहीही उचलतात."

काकूंनी नुसतं बोट खाली दाखवलं.

सिमेंटच्या फरशीवर, गाडी उभी राहते त्या जागी, तेलाचा एक काळा थेंब होता.

ओला. चमकणारा.

"मी रोज पुसते," काकू म्हणाल्या. "आणि गाडी तर तेव्हाच भंगारात गेली."

भाऊजी म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की जांभया देणारा. पण त्या वेळी आपल्या हाताला घाम आला, हे त्यांनी स्वतः मला सांगितलं.

त्यांनी मोटरवरचं बटण बराच वेळ दाबून धरलं. शेजारचा बारीक दिवा विझला. म्हणजे मोटर आजवरचे सगळे रिमोट विसरली. काकूंनी आपल्या हातातला रिमोट दाबून बघितला. दार हललं नाही. त्यांनी पुन्हा दाबला. पुन्हा दाबला. मग पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर जरा हसू आलं.

आता कीपॅड. चौकटीचं काँक्रीट दगडासारखं निघालं. भोकं पाडता पाडता भाऊजींना घाम फुटला आणि दुपार टळून गेली. शेवटी डबी बसली. त्यांनी मोठं दार बंद केलं, आत जाऊन मोटरवरचं बटण एकदा दाबलं आणि बाजूच्या लहान दाराने लगबगीने बाहेर आले. बटण दाबल्यावर मोटर थोडाच वेळ कान टवकारून बसते. तेवढ्यात बाहेरून आकडे दाबले तर ती ते लक्षात ठेवते.

ते डबीसमोर उभे राहिले. बोट पुढे केलं.

टिक-टिक…

उजेड कमी झाला.

कुणीतरी मागे येऊन उभं राहिलं होतं. अगदी जवळ. रांगेत मागचा माणूस खांद्यावरून डोकावतो ना, तसं.

"काकू, जरा बाजूला व्हा. आकडे दिसत नाहीत," भाऊजी मागे न बघताच म्हणाले. थांबायला वेळ नव्हता.

…टिक-टिक.

आतून मोटरने खट्कन दाद दिली. काम झालं.

आणि तेवढ्यात घराच्या आतून, पार स्वयंपाकघरातून, काकूंचा आवाज आला.

"भाऊ, चहा टाकू का?"

भाऊजी गर्रकन वळले.

मागे कुणीच नव्हतं. रिकामा रस्ता. त्यांची व्हॅन. आणि उजेड पुन्हा होता तेवढाच.

ढग सरला असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. काकू आल्या. भाऊजींनी आपले आकडे काढून टाकले, पाठ फिरवली, आणि काकूंनी स्वतःचे आकडे घातले. दार वर गेलं, खाली आलं. सगळं व्यवस्थित.

हत्यारं आवरायला दोघं गॅरेजमध्ये होते. मोठं दार बंद होतं. दिवेलागण झाली होती.

बाहेर गाडीचा आवाज आला.

वळणावरून… हळू होत… दारापर्यंत.

इंजिन बंद झालं.

काकूंनी भाऊजींचा दंड धरला. हात बर्फासारखा गार होता.

गाडीचं दार उघडलं. लागलं. मग पावलं. सावकाश, दमून घरी आलेल्या माणसाची. ती दारापाशी येऊन थांबली.

बराच वेळ काहीच नाही. दार हललं नाही.

मग…

टिक-टिक… टिक-टिक.

घर्रर्र. चुकीचे आकडे दाबले की डबी असं गुरगुरते.

पुन्हा. टिक-टिक… टिक-टिक. घर्रर्र.

"त्यांना माहीत नाहीत ना?" काकू कुजबुजल्या. "माझे आकडे त्यांना माहीत नाहीत ना, भाऊ?"

भाऊजींनी नकाराने मान हलवली.

पावलं मागे गेली. पण लगेच गाडीकडे नाही. ती भाऊजींच्या व्हॅनपाशी थांबली. थोडा वेळ तिथेच राहिली. मग गाडीचं दार वाजलं, इंजिन सुरू झालं आणि आवाज लांब लांब जात नाहीसा झाला.

काकू खाली बसून ढसाढसा रडल्या. आणि रडता रडताच हसल्या. "गेले हो! आत नाही आले. आज पहिल्यांदा आत नाही आले!"

भाऊजी जीव मुठीत धरून तिथून निघाले. चहा राहिला, ड्रिलचा डबाही तिथेच राहिला. मुख्य रस्त्याला लागल्यावर जरा जीवात जीव आला. खिडकी उघडली. गाणं लावावं म्हणून हात पुढे केला, आणि बोट सवयीने डॅशबोर्डवर वाजलं.

टिक-टिक… टिक-टिक.

भाऊजींनी कचकन ब्रेक मारला.

तो ताल त्यांचा होता. बाहेर उभा असलेला तो काकूंचे आकडे शोधत नव्हता. तो भाऊजींचे दाबत होता. खांद्यावरून बघितलेले.

आणि व्हॅनच्या अंगावर, भल्या मोठ्या अक्षरांत, घरचा पत्ता रंगवलेला होता.

त्यांनी ताईला फोन लावला. तिने उचलला तेव्हा ती कुणाशी तरी बोलत होती. "हो गं, आलेत, जा दार उघड…" मग फोनमध्ये, "अहो, गॅरेजमधून फोन कसला करताय? आत या की."

"कुठे आहेस तू?"

"स्वयंपाकघरात. आत्ताच तर दार उघडलंत तुम्ही. मी ऐकलं ना. मनी येतेय तुम्हाला उघडायला."

"तिला थांबव!" भाऊजी किंचाळले. "मी रस्त्यावर आहे. अजून रस्त्यावर आहे मी! आतल्या दाराला कडी लाव!"

फोन खाली पडल्याचा आवाज आला. धावण्याचा आवाज. मनीचं रडणं. कडी लागली.

आणि मग फोनमधून भाऊजींनी ते ऐकलं. आतल्या दाराची मूठ फिरत होती. सावकाश. एकदा खाली… एकदा वर.

"बाबा आत का येत नाहीत?" मनी लांबून विचारत होती.

भाऊजी घरी कसे पोचले, ते त्यांनाही आठवत नाही. गॅरेजचं दार सताड उघडं होतं. दिवा चालू. आत कुणी नाही. तापलेल्या इंजिनाचा वास येत होता, आणि फरशीवर तेलाचा एक थेंब होता. व्हॅन अजून बाहेरच होती.

त्याच रात्री त्यांनी आकडे बदलले. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बाहेर टिक-टिक… टिक-टिक, आणि घर्रर्र. तिसऱ्या दिवशीही तेच. मग त्यांनी डबीच उखडून फेकली. तर दारावर बोटाच्या पेराने वाजायला लागलं. त्याच तालात. मनीला ताप भरला. ती झोपेतून उठून दाराकडे जायला लागली. "बाबा बाहेर आहेत," म्हणायची. बाबा तिच्या उशाशीच बसलेले असायचे.

ताई फोनवर नुसती रडायची. काय झालंय ते सांगायची नाही.

आणि मग एक दिवस हे सगळं थांबलं. मनीचा ताप उतरला. ताई पुन्हा हसून बोलायला लागली.

ही हकीकत भाऊजींनी मला परवा सांगितली. आमच्याच घरी, माझ्यासमोर बसून. मी विचारलं, "पण थांबलं कसं? नेमकं कधी थांबलं?"

भाऊजी उठले.

मी सांगितलं ना, त्यांना थाप मारता येत नाही. चेहरा सगळं सांगून टाकतो. म्हणून त्यांनी मान खाली घातली, चप्पल घातली आणि निघून गेले.

मग मला आठवलं. मागच्या पंधरवड्यात भाऊजी अचानक आमच्याकडे आले होते. हातात नवा कोरा कीपॅड. मी मागितला नव्हता. "राहू दे रे, माझ्याकडून भेट," म्हणाले. मला किती आनंद झाला होता! जावई आपल्या मेहुण्याला फुकट काही देतोय म्हणून बायकोने त्यांची चेष्टाही केली. ते हसले नाहीत.

डबी बसवून झाल्यावर ते म्हणाले, "आकडे तू टाक. मी बघत नाही." आणि पाठ फिरवून पार रस्त्यापर्यंत चालत गेले.

मला चष्म्याशिवाय नीट दिसत नाही, आणि चष्मा आत राहिला होता. मी एकेक आकडा शोधून, सावकाश दाबत होतो. मध्येच उजेड कमी झाला. मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. मला वाटलं, भाऊजीच असतील.

"बघत नाही म्हणालात, आणि डोकावताय होय?" असं मी हसत म्हणालोसुद्धा.

मान वर केली तेव्हा भाऊजी लांब रस्त्यावर उभे होते. माझ्याकडे पाठ करून.

ताई आणि मनी आता शांत झोपतात. त्याचा मला खरंच आनंद आहे. मनी माझीही लाडकी आहे. मी भाऊजींच्या जागी असतो तर काय केलं असतं, ते मला सांगता येणार नाही.

आज सकाळी आमच्या गॅरेजच्या फरशीवर एक काळा थेंब दिसला. मी तो पुसला. आमची गाडी दोन दिवसांपासून दुरुस्तीला गेली आहे. आकडे बदलायला मी भाऊजींना सकाळपासून फोन करतोय. ते उचलत नाहीत.

हे लिहिता लिहिता दिवे लागायची वेळ झाली. बायको आतल्या खोलीत आहे. तिला मी अजून काहीच सांगितलेलं नाही.

आत्ता रस्त्यावर एक गाडी थांबली.

बाहेर कुणीतरी एकेक आकडा शोधतंय. सावकाश. चष्मा नसल्यासारखं.

टिक…

टिक…