पालथा घातलेला देव

अबुधाबीच्या खलिफा सिटीतल्या नव्या व्हिलात राहायला आल्यावर दत्तप्रसादने वास्तुशांत करायची ठरवली. व्हिला भाड्याचा होता. पण शांतीला घरमालकाची परवानगी लागत नाही, हे त्यातल्या त्यात बरं. सगळं सामान जमलं, फक्त पुरायची वास्तुपुरुषाची प्रतिमा पुण्यात कपाटावर राहिली. गुरुजी व्हिडिओ कॉलवर ताटकळलेले. तेव्हा त्याला ऑफिसातल्या सामेहने कैरोहून आणून दिलेला, उताणा पहुडलेला दगडी पुरुष आठवला. नाव गेब. इजिप्तचा जुना भूमिदेव. देव आहे, जमिनीचा आहे आणि आडवाही आहे. ऑडिटमध्ये याहून कमी पुराव्यावर बिलं पास होतात. दत्तप्रसादने तो अंगणाच्या आग्नेय कोपऱ्यात, फरशीखाली, आपल्या रीतीप्रमाणे पालथा पुरला. गुरुजींना इतकंच दिसलं की काहीतरी पुरलं गेलं.

संध्याकाळी खोकी उघडता उघडता सुनेत्रा नवऱ्याला म्हणाली, "लग्नापासूनचं हे कितवं घर, देव जाणे. आता खलास. मी इथून हलणार नाही."

फडताळातले कप किणकिणले. जमिनीखाली कुणीतरी घशातल्या घशात हसावं, तसे. मुलगा शार्दूल हेडफोन न काढताच म्हणाला, "जस्ट अ ट्रेमर, बाबा. चिल."

पुढे घरात वास येऊ लागला. एसी चालू, खिडक्या बंद, तरी ओल्या मातीचा. सुनेत्राच्या टाचा जड झाल्या. आधी तिने वजनाला दोष दिला, मग चपलांना. गेटकडे निघाली की पाऊल चिखलातून उपसावं तसं सावकाश निघायचं. डॉक्टरांनी व्हिटॅमिन डी दिलं. ते इथे सगळ्यांनाच देतात. एका सकाळी तिला पायरीसुद्धा उतरता येईना. ती हळूच म्हणाली, "कुणीतरी धरतंय हो... घट्ट नाही. मायेनं."

दत्तप्रसादने ऑफिसात जाऊन सामेहला आपला उद्योग सांगितला. सामेहने चहाचा कप खाली ठेवला.

"पालथा? हबीबी, आकाश त्याची बायको. तो उताणा पडून सतत तिच्याकडेच बघत असतो. तू त्याचं तोंड मातीत..." त्याचा आवाज उतरला. "आता तो दुसरी बघणार."

दत्तप्रसाद भर उन्हात घरी पोचला. फरशी उचकटून हातांनीच वाळू उपसू लागला. मूर्ती सापडली की उताणी करायची, एवढंच. पण मूर्ती नव्हती. वाळू ढासळली आणि खाली गार, काळी माती लागली. अबुधाबीत नसते तशी. गादीवर उठावा तसा त्या मातीत पुरुषभर लांबीचा ठसा होता. त्याला लगटून दुसरा, जरा आखूड. त्याच्या मनगटापाशी बांगड्यांचे वळ उमटले होते. दत्तप्रसादने हात लावला. हा ठसा कोमट होता.

तेवढ्यात सुनेत्राचा आवाज आला. बऱ्याच दिवसांनी निवांत झालेला.

"अहो, मी जरा आडवी होते."

दत्तप्रसादने सवयीने घराकडे मान वळवली. आवाज तिकडून आला नव्हता.